पर्जन्यमापक, तापमापक आणि बाय: अडीच वर्षांच्या वापरानंतर

मार्च २०२३ मध्ये मी दोन वस्तू मागवल्या. एक प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक आणि दुसरा टांगायचा कमाल-किमान तापमापक. दोन्ही मिळून १,४०० रुपये, कुरियरचे १२० वेगळे. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात, सड्यावरच्या हापूसच्या बागेत त्यांनी तीन पावसाळे आणि दोन मोहोर काढले. वस्तू कशा आहेत ते सांगतेच. पण त्या घेतल्या एका भांडणापायी, आणि ते भांडण सांगितल्याशिवाय त्यांची पारख पुरी होणार नाही.

बाय माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिची बाग माझ्या गडग्याला लागून. मी हायस्कुलात पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेवढीच वर्षं तिने कलमं राखली. त्या फेब्रुवारीत कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. दिवसाच्या कमाल तापमानाची देशभरची सरासरी पाहिली तर १९०१पासूनचा तो सर्वांत तापलेला फेब्रुवारी. वाटाण्याएवढी कणी, म्हणजे नुकती धरलेली फळं, झाडाखाली सडा घातल्यासारखी पडली होती. मी म्हटलं, हा हवामानबदल. बाय उसळली.

"हवा कधी सारखी होती गो? औषधवाले येतत, हवामान बदलला सांगतत आणि आणखी एक फवारणी गळ्यात मारतत."

तिचा राग खोटा नव्हता. तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा, प्रत्येकासाठी वेगळी बाटली आणि प्रत्येक बाटलीबरोबर एक भाषण, हे मीही सोसलंय. ज्याच्या तोंडून ती 'हवामानबदल' हा शब्द ऐकत होती तो माणूस तिला काहीतरी विकायला आलेला असायचा. माझ्याकडे कात्रणं होती. तिने ती बाजूला सारली. "आपल्या बागेतला काय ता दाखय," म्हणाली. त्याच आठवड्यात मी ऑर्डर दिली.

आधी पर्जन्यमापक. वर दहा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, खाली पारदर्शक नळी, तिच्यावर १५० मिलिमीटरपर्यंत खुणा. पॅकिंग उत्तम. सूचनापत्रकात मात्र तो कुठे बसवायचा याबद्दल एक ओळ नाही, आणि सगळं तिथेच बिघडतं. झाड किंवा घर जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यात बसवा. मी चिऱ्याचा खांब बांधून, पाणसळ लावून बसवला. वाचायची वेळ रोज सकाळी साडेआठ, कारण भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो. आपले आकडे त्यांच्याशी ताडायचे तर वेळ तीच हवी.

खुणा खऱ्या आहेत का, तेही पाहिलं. दहा सेंटिमीटर तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे ७८.५ मिलिलिटर पाणी ओतलं की नळीत १० मिलिमीटर दिसायला हवेत. औषधाच्या सिरिंजने मोजून ओतलं, साडेदहा दिसले. तीनदा ओतलं, तिन्ही वेळा साडेदहा. म्हणजे हे मापक थोडं वाढवून सांगतं. या किमतीला मी ते चालवून घेतलं आणि वहीत दुरुस्त आकडा लिहू लागले. तुम्हीही घेतल्यावर पहिल्या दिवशी हे करा, पाच मिनिटांचं काम आहे.

खरी उणीव जुलैत कळली. सकाळी साडेआठला रिकामा केलेला मापक दुपारी चारला काठोकाठ भरून वाहत होता. त्या दिवशी एकूण किती पडला हे मला कधीच कळणार नाही. एका दिवसात २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की हवामान विभाग तो सर्वांत वरच्या वर्गात घालतो. आमच्या किनाऱ्याला असे दिवस नवे नाहीत, आणि या नळीत असा एक दिवससुद्धा राहत नाही. तेव्हापासून जोराच्या पावसात मी दिवसातून तीनदा वाचते. रात्रीची मात्र धाकधूक असते.

बायचं म्हणणं होतं, पाऊस तेवढाच पडतो, आपणच म्हातारी झालो म्हणून जास्त वाटतो. तिची बहीण चिपळूणला. २२ जुलै २०२१ला तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हा ती माणसं माळ्यावर बसून होती. त्याच पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. मी नळी बायच्या हातात दिली आणि म्हटलं, ही जवळजवळ चार वेळा भरली असती, एका दिवसात. बाय म्हणाली, चिपळूण २००५लाही बुडालं होतं. बरोबर आहे. एका पुराने काही सिद्ध होत नाही, आणि मी ते तिथल्या तिथे कबूल केलं. न कबूल करता पुढे गेले असते तर तिने पुढचं काहीच ऐकलं नसतं.

मग मी तिला मोजलेली गोष्ट सांगितली. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. आपली वाफ येते अरबी समुद्रावरून, आणि तो तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९५० ते २०१५ या काळाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि ते मोसमाचा एकूण पाऊस वाढला नसताना. म्हणजे बायचं "तेवढोच" खोटं नव्हतंच. मी वहीची पानं उलटून तिला दाखवलं, कोरडे दिवस कुठे आहेत आणि चार दिवसांत किती पडलाय. ती पानं बराच वेळ बघत राहिली. वर्षं तीनच आहेत, त्यावरून बदल सांगता येत नाही, हेही मीच सांगितलं.

इथे माझी एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. २०२५ला मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला. एरवीची तारीख ११ जून, आणि इतक्या लवकर तो नोंदींत कधीच आला नव्हता. माझी शेवटची तोडणी अजून झाडावर होती. मी हळहळत म्हटलं, बघ, बदललं की नाही? बाय शांतपणे म्हणाली, "आणि दोन वर्सांमागे?" २०२३ला तो मुंबईत २५ जूनला आला होता. "एका वर्सा उशीर, एका वर्सा लवकर. दोन्ही तुझ्याच बाजून कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाऊस कुठल्या तारखेला येतो ते त्या त्या वर्षीच्या वाऱ्यावर ठरतं, त्यातून तापमानवाढ अशी चुटकीसरशी काढता येत नाही. ज्या पुराव्याने सिद्ध होत नाही तो पुढे केला की खरा पुरावाही बाटतो. तारखांचं बोलणं मी सोडून दिलं.

आता तापमापक. हा जुन्या पद्धतीचा आहे, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी. उजव्या बाजूला कमाल, डाव्या बाजूला किमान, आणि डावीकडची मोजपट्टी उलटी. दोन्ही बाजूंना एकेक बारीक काडी असते. पातळी जिथवर जाईल तिथवर ती सरकते आणि तिथेच राहते. सकाळी वाचायचं आणि सोबतच्या लोहचुंबकाने काड्या खाली आणायच्या. वीज नको, सेल नको. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, त्यामुळे मी डिजिटल घेतला नाही आणि त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही. चुंबक सुताने बांधून ठेवा. माझा पहिल्याच महिन्यात पाचोळ्यात हरवला, दुसरा पन्नास रुपयांना मिळाला. दुसऱ्या पावसाळ्यात आतल्या पाठपट्टीवरचे आकडे पुसट झाले, ते मी रंगाने पुन्हा काढले. खाऱ्या हवेत टिकण्याच्या दृष्टीने कंपनीने इथे हात आखडता घेतलाय.

तो मी आधी पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. बाय आली, हात भिंतीला लावला आणि म्हणाली, "ह्या काय हवेचा मोजना नाय. भिंतीचो ताप मोजता." दिवसभर तापलेला चिरा संध्याकाळी किती गरम असतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक, तरी मला ते सुचलं नाही. गावच्या सुताराकडून झडपांची लाकडी पेटी करून घेतली, पांढरी रंगवली, जमिनीपासून छातीच्या उंचीवर मोकळ्यात उभी केली. हवामान केंद्रांवर असते ती अशीच. ३५० रुपये लागले. दुपारचा आकडा भिंतीवरच्या आकड्यापेक्षा तीन अंशांनी उतरला. तापमापक घेणार असाल तर पेटीचा खर्च धरूनच घ्या.

पेटीने बायला आणखी एक शस्त्र मिळालं. "मगे तुझ्या शास्त्रज्ञांची यंत्रांपण भिंतीक टेकलेली असतली. मुंबईत सगळो सिमेंट."

मला हा तिचा सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. शहरात सिमेंटमुळे तापमान वाढतं हे खरंच, आणि नोंदी तपासणारे ते लक्षात घेतात. पण मी उत्तर दिलं ते समुद्राचं. समुद्रात कुठली भिंत आहे? पृथ्वीवर जी जादा उष्णता साठतेय तिच्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने वाढलं. बाय खळ्याच्या कडेला उभी होती, तिथून खाडीचं तोंड दिसतं. काही बोलली नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला रायगडात शिरलं आणि पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते आपल्या अंगणावरून गेलं. त्यात तिची एकवीस कलमं मुळासकट आडवी झाली होती. वादळ तापल्या पाण्यावर पोसतं, एवढंच मी म्हटलं. ती कलमं मी पुरावा म्हणून वापरली नाहीत. मला ते बरं वाटलं नसतं.

तापमापक शाळेतल्या प्रयोगशाळेच्या तापमापकाशी ताडला तेव्हा अर्धा अंश जास्त निघाला. "खोटा," बाय म्हणाली. मी तिला पासंगाची आठवण दिली. तिच्या सासऱ्यांचं किराण्याचं दुकान होतं. तराजूला पासंग, म्हणजे एका पारड्याचा जादा भार, असला तरी तो रोज तेवढाच असतो. त्याच तराजूवर तू गेल्या वर्षी आणि या वर्षी वजन केलंस तर वाढ किती झाली ती खरीच कळणार. जगाचं तापमान किती आहे यापेक्षा ते एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने मोजून किती वाढलं हे बघतात ते याचसाठी. २०११ ते २०२० या दशकाची जगाची सरासरी १८५० ते १९०० या काळापेक्षा १.१ अंशाने जास्त होती. पासंग तिला पटला. अडीच वर्षांत मी दिलेल्या सगळ्या उदाहरणांत तिने पुढे दुसऱ्यांना सांगितलेलं हे एकच.

आता रात्रीचं, कारण किमान काडीसाठीच मी हा तापमापक कुणालाही घ्यायला सांगेन. हापूसला मोहोर फुटायला गार रात्री लागतात. दिवसाचं ऊन सगळे बोलतात, पहाटेचं कुणी बघत नाही, कारण पहाटे आपण पांघरुणात असतो. दोन्ही हिवाळ्यांत माझ्याकडे किमान काडी २०च्या खाली गेलेल्या रात्री मी लाल शाईने लिहिल्या. पौषाच्या पानांवर जेवढं लाल असेल असं मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. मोहोर दोन्ही वर्षं तुकड्यातुकड्याने आला, एकाच कलमावर एकीकडे कणी आणि दुसरीकडे नुसता फुटवा.

त्यावर बायने आपल्या सासऱ्यांची वही आणली. १९८४पासूनची. आंब्याची पहिली पेटी कधी गेली, भाव काय मिळाला, खर्च काय. त्यात दर मार्गशीर्ष-पौषात एक ओळ: राखणदारांना शेकोटीची लाकडं, इतके इतके रुपये. पंधरा-सोळा वर्षं ती ओळ आहे. मग ती दोन-तीन वर्षांआड येते आणि नंतर येतच नाही. माझे हात थरथरले. मला हवं होतं ते कागदावर सापडलं होतं.

बायनेच मला थांबवलं. तेव्हा राखणीला गावची माणसं असत, आता नेपाळहून आलेली मुलं असतात, म्हणाली. ती बर्फाळ मुलखातली, त्यांना आपली थंडी ती काय. शेकोटी मागणार कशाला? मी अर्धा तास विचार केला आणि तिचं म्हणणं मान्य केलं. ओळ थांबली त्याला दोन कारणं असू शकतात आणि वही त्यांत निवाडा करत नाही. पण त्या दिवशी आमच्यात काहीतरी बदललं. ती आता मला हरवायला बोलत नव्हती. खरं काय ते दोघी मिळून शोधत होतो.

म्हणून मग मी गोधडीचं सांगितलं: हवेतला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवर पांघरलेल्या गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो. सूर्य जास्त तापला म्हणून पृथ्वी तापली असती तर हवेचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. पण मोजलंय ते असं: आपल्याजवळचा थर तापतोय आणि वरचा, विमानं उडतात त्याच्याही वरचा, थंड होतोय. आणि सूर्याकडून येणारी ऊर्जा उपग्रह १९७८पासून मोजताहेत, तिच्यात अशी वाढ नाही. शेकोटी वाढवली तर गोधडीच्या आत-बाहेर दोन्हीकडे ऊब लागते. गोधडी जाड केली तर आत ऊब वाढते आणि बाहेर तेवढी कमी पोचते. ढगाळ रात्र का उबते आणि निरभ्र रात्री दव का पडतं हे बायला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथून कार्बन डायऑक्साइडच्या गोधडीपर्यंत यायला तिला वेळ लागला नाही.

"पण तो धूर आमचो कशावरसून? वणवे काय पयले नव्हते?"

'बदललं का' हा प्रश्न संपून 'कोणामुळे' हा प्रश्न आला होता. हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर १९५८पासून हवेतला हा वायू मोजतात. तेव्हा दशलक्षात सुमारे ३१५ भाग होते, आता ४२०च्या वर. कारखाने येण्यापूर्वी २८०च्या आसपास होते, ते ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं. आणि कोळसा, डिझेल यांच्या धुराला खूण असते. जिवंत झाडात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, तो हजारो वर्षांत संपत जातो. जमिनीत कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात-तेलात तो उरलेलाच नाही. आजच्या झाडांचा वणवा पेटला तर धुरात तो असतो, डिझेल जाळलं तर नसतो. हवेतलं त्याचं प्रमाण ज्या रीतीने पातळ होत गेलंय त्यावरून हा भर जुन्या, गाडलेल्या कार्बनाचा आहे हे कळतं. बाय हसली नाही, वाद घातला नाही. फवारणीच्या पंपाचं डिझेल संपलं होतं, ते आणायला गेली.

विकत घेणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगते. फळपीक विम्यासाठी या नोंदी चालत नाहीत. तिथे महसूल मंडळातल्या ठरलेल्या स्वयंचलित केंद्राचाच आकडा धरतात. मार्चमध्ये माझ्या नळीत १४ मिलिमीटर अवकाळी पाऊस होता, फळांवर डाग पडले आणि मंडळाच्या आकड्यात तो पाऊस नव्हता. वहीचा फोटो दाखवून उपयोग झाला नाही. फवारणी कधी घ्यायची, कधी टाळायची, काढणी लवकर उरकायची का, यासाठी मात्र दोन्ही वस्तूंनी पैसे कधीच वसूल केले. गेल्या मोसमात माझी एक पूर्ण फवारणी वाचली.

तापमापकाला पाचपैकी चार, एक गुण पुसट आकड्यांसाठी कापला. पर्जन्यमापकाला तीन. कोकणाबाहेर, जिथे दिवसाला शंभर मिलिमीटर क्वचित पडतो तिथे, त्यालाही मी चार दिले असते.

गणपतीनंतर बायने सासऱ्यांच्या वहीत नव्या पानावर उभी रेघ मारून 'किमान' असा रकाना पाडला. माझ्या पेटीतला आकडा ती रोज फोनवर विचारून लिहायची. आता तिला स्वतःची यंत्रं हवी आहेत. ऑर्डर मी देणार होते, तिने लिंक बघितली आणि फोन परत माझ्या हातात दिला. "ह्यो नको. मोठो बघ. आमचो पावस ह्येच्यात मावणा नाय." ३०० मिलिमीटरपर्यंतचा एक सापडलाय, किंमत जवळजवळ दुप्पट आहे. तो आला की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एक पावसाळा मोजू, आणि मग त्याचंही लिहीन.